एक झिप, दोन संगणक आणि मामीच्या ओव्या

सांगलीत मामाचा छोटा प्रेस होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आणि वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक. छापायचं राहून गेलेलं पुस्तक नेमकं घरचंच होतं. मामीने मिरज-तासगावकडच्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. १९९७ साली त्या टाइप झाल्या, पानं लागली, प्रुफं तपासून झाली आणि कागदासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्याच कामात गेले. मग मामा गेला, प्रेस बंद पडला. ओव्यांच्या मूळ वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या, त्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. संगणक माळ्यावर टाकलेले, म्हणून वाचले.

२०२४ च्या दिवाळीत घर विकायचं ठरलं आणि मामीचा फोन आला. "भंगारवाला दोन्हीचे मिळून पाचशे देतोय. तुला हवेत तर ने, नाहीतर मी देऊन टाकते. ओव्या त्यात असतील का रे अजून?"

त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळायला पुढचा जून उजाडला. जुने संगणक पुन्हा चालू करून त्यांतलं काम बाहेर काढण्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ते लिहिणाऱ्यांच्या गावात सुटे भाग दोन दिवसांत दारात येतात. आपल्याकडे काय काय करावं लागतं, ते इथे सविस्तर लिहितो.

पुण्याला परत येणाऱ्या रिकाम्या टेम्पोने बाराशे रुपयांत सगळं आणून टाकलं. आत होतं ते असं: ॲपलचा मॅकिंटॉश एलसी ४७५ (हे मॉडेल १९९३ चं), एक असेंबल केलेला ४८६ पीसी, निळ्या रंगाचा आयोमेगा झिप ड्राइव्ह, त्यात घालायच्या, फ्लॉपीसारख्या पण जास्त मावणाऱ्या झिप डिस्कचा खोका आणि बोटाएवढ्या जाड केबल. पीसीच्या पोटात दोन विशेष कार्डं होती. एक सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. त्या काळी डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी आणायची तर हे कार्ड लागायचं. दुसरं ॲडॅप्टेकचं १५४२ सीएफ, म्हणजे स्कझी कार्ड. स्कझी ही डिस्क, ड्राइव्ह अशी उपकरणं एका साखळीत संगणकाला जोडायची पद्धत. त्या काळच्या मॅकला स्कझी जन्मजात असायची. पीसीला ती मुद्दाम घालावी लागायची, आणि ती स्वस्त नव्हती. लग्नपत्रिका छापणाऱ्या मामाने एवढा खर्च कशासाठी केला असेल, हे तेव्हा कळेना.

मॅकच्या कपाळावर मामाच्या अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी होती: "टायपिंग चालू असेल तर शिफ्ट!" इंग्रजी कॅपिटल अक्षरांबद्दल ऑपरेटरला दिलेली ताकीद असेल असं वाटलं. चिठ्ठी तशीच राहू दिली.

जुना संगणक हातात आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघायचा. तो आवरा. आधी झाकण उघडून बॅटरी काढा. ४८६ च्या मदरबोर्डवर निळी, बुटकी, पिंपाच्या आकाराची बॅटरी सोल्डर केलेली असते. ती हमखास गळते. आमचीही गळली होती आणि कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. हे गळणं अल्कली असतं, म्हणून आधी कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर, ते पुसून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल. मॅकमधली बॅटरी वेगळी, अर्ध्या पेन्सिल सेलएवढी, ३.६ व्होल्टची लिथियम. ती सुदैवाने फुटली नव्हती. पण मॅकच्या बोर्डवरचे छोटे कपॅसिटर पाझरले होते. त्याची खूण म्हणजे वास. बोर्ड नाकाशी धरला की सुक्या मासळीचा वास येतो.

कपॅसिटर बदलणं माझ्या हाताला झेपणारं काम नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी केली तर बहुतेकांनी बोर्ड बघूनच हात जोडले. शेवटी मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा तयार झाला, कारण त्याच्याकडे हॉट एअरचं यंत्र होतं आणि कुतूहलही. मजुरी आणि माल धरून २,८०० रुपये. एक सांगतो: बोर्ड देण्याआधी प्रत्येक कपॅसिटरचा जवळून फोटो काढा, धन-ऋण बाजू दिसेल असा. मुलाने तो फोटो भिंतीला चिकटवून काम केलं. पॉवर सप्लाय बाहेर काढून ५ आणि १२ व्होल्ट मीटरवर बघून घेतले. हे सगळं होईपर्यंत डिसेंबर संपला.

एलसी ४७५ ची एक खोड माहीत असलेली बरी. बॅटरी मेलेली असेल तर तो सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो. माणसाला वाटतं बोर्ड गेला. बटण चालू करून लगेच बंद आणि लगेच पुन्हा चालू केलं की बहुधा चित्र येतं. नवी बॅटरी ईआर १४२५० या नावाने मागा. कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनलमध्ये ती वापरतात, म्हणून संगणकाच्या दुकानापेक्षा औद्योगिक माल विकणाऱ्याकडे लवकर मिळते. मला अडीचशेला पडली. मॅकचा मॉनिटर गेलेला होता. साध्या व्हीजीए मॉनिटरला जोडणारा, बारीक स्विचांची रांग असलेला अडॅप्टर ऑनलाइन ९०० रुपयांना मिळाला. स्विच व्हीजीएवर, म्हणजे ६४० बाय ४८० वर ठेवा. मॅकचं स्वतःचं माप दिलं तर आजचे काही मॉनिटर चित्र दाखवत नाहीत.

जानेवारीच्या मध्यावर मॅकने घंटेसारखा सूर काढला आणि पडद्यावर फ्लॉपीचं चित्र आलं, त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. म्हणजे यंत्र जिवंत, पण हार्ड डिस्क सापडत नाही.

पीसीने त्या मानाने कमी छळलं. बॅटरी नसल्याने बायोसला, म्हणजे पीसी सुरू होताना त्याचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःची हार्ड डिस्क आठवत नव्हती. मेनूतल्या ऑटो डिटेक्शनने ती शोधली आणि डॉस ६.२२ चा प्रॉम्प्ट आला. सुरू होताना स्कझी कार्डाचं नाव झळकतं, तेव्हा कंट्रोल आणि ए दाबलं की त्याच्या सेटिंगमध्ये जाता येतं. ही सेटिंग बॅटरीवर नसतात, त्यामुळे मामाने ठेवली होती तशीच होती. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. स्कझीच्या साखळीवर प्रत्येक उपकरणाला ० ते ७ मधला एक क्रमांक असतो. कार्डाचा स्वतःचा क्रमांक कारखान्यातून ७ येतो आणि तो कोणी बदलत नाही, कारण बदलायचं कारणच नसतं. इथे तो ६ होता. वहीत टिपून ठेवलं.

ओव्या नेमक्या कुठे, हे एव्हाना मामीशी बोलून थोडंफार उलगडलं होतं. टायपिंग बाहेरच्या खोलीत पीसीवर व्हायचं आणि पानं आतल्या खोलीत मॅकवर, पेजमेकरमध्ये लागायची. प्रुफातल्या दुरुस्त्या थेट मॅकवर केल्या जायच्या. म्हणजे पीसीवर होता तो कच्चा मजकूर, आणि तपासलेला मजकूर मॅकच्या त्या न सापडणाऱ्या डिस्कवर.

ती डिस्क क्वांटमची प्रोड्राइव्ह एलपीएस निघाली. या मालिकेचं दुखणं प्रसिद्ध आहे. डेटा वाचणारं हेड धरणाऱ्या आतल्या दांड्याला थांबवायला रबराची बोंडं बसवलेली असतात. वर्षांनुवर्षं पडून ती चिकट होतात आणि दांडा त्यांना धरून बसतो. डिस्क फिरते, दांडा जागचा हलत नाही. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे चौकशी केली तर स्कझी म्हटल्यावर एकाने नाही सांगितलं आणि दुसऱ्याने असा आकडा सांगितला की त्यात मामीचं पुस्तक छापून झालं असतं.

दांडा हाताने सोडवता येतो, पण झाकण उघडलेली डिस्क किती वेळ चालेल याचा भरवसा नाही. चालेल तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायची सोय आधी हवी. ब्लूस्कझी नावाचा एक छोटा बोर्ड मिळतो. एसडी कार्डावरची फाइल तो जुन्या संगणकाला स्कझी हार्ड डिस्क म्हणून दाखवतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत उलटं कामही होतं: खरी डिस्क त्याला जोडली की तो तिची जशीच्या तशी प्रत एसडी कार्डावर काढतो. मला दोन्ही हवं होतं.

जानेवारीच्या शेवटी परदेशातल्या विक्रेत्याकडे मागवला. बोर्ड आणि टपालखर्च मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. ऑर्डर देताना वायफाय नसलेला प्रकार निवडा. वायरलेस असलेल्या वस्तू आयात करताना डब्ल्यूपीसी या वायरलेसवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या मंजुरीचा प्रश्न निघू शकतो आणि आपल्या कामात वायफायचा काही उपयोग नाही. पार्सल मुंबईत आल्यावर कुरियरकडून ईमेल आली: केवायसीसाठी आधार, विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा. ते दिलं. आठवडाभराने दुसरी ईमेल: वस्तू नेमकी काय आहे आणि कशासाठी वापरणार ते लिहून द्या. बिलावर नुसतं मॉडेलचं नाव होतं, त्यावरून कुणालाच काही कळलं नसतं. मी कागदावर साध्या भाषेत लिहिलं की हा जुन्या संगणकात बसवायचा एसडी कार्डाचा सर्किट बोर्ड आहे, यात रेडिओ नाही, बॅटरी नाही, एकच नग आहे, घरगुती वापरासाठी आहे. सही करून स्कॅन पाठवला. मग ड्यूटी आणि कुरियरचं हाताळणी शुल्क धरून अडीच हजारांची पावती आली. बोर्ड हातात पडला तेव्हा मार्च सुरू झाला होता. हेच वाक्य बिलावर आधीच लिहायला विक्रेत्याला सांगा. ते लोक ऐकतात आणि एक ईमेल तरी वाचते.

मार्चमधल्या एका रविवारी पंखे बंद, खिडक्या बंद. क्वांटमचे टॉर्क्स स्क्रू काढले, झाकण उचललं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी, तिच्यावर कडेने टेकलेला दांडा, आणि दांड्याच्या मागच्या टोकाशी काळं, डांबरासारखं मऊ झालेलं रबर. तबकडीला बोट लागता कामा नये. दांड्याच्या मागच्या भागाला प्लास्टिकच्या काडीने किंचित ढकललं तर चिकटपट्टी सुटावी तसा बारीक आवाज झाला. पुन्हा चिकटू नये म्हणून रबरावर कॅप्टॉन टेपचा नखाएवढा तुकडा लावला, झाकण ठेवलं आणि वीज दिली. या वेळी फिरण्याच्या आवाजामागून खरखर ऐकू आली, दांडा हलल्याची. ब्लूस्कझीवरचा दिवा लुकलुकायला लागला. आख्खी डिस्क आजच्या एका व्हिडिओएवढीसुद्धा नाही, तरी ती पंधरा-वीस मिनिटं मी खुर्चीवरून उठलो नाही. प्रत पूर्ण निघाली. तीच डिस्क संध्याकाळी पुन्हा लावून बघितली तर चाललीच नाही.

आधी त्या प्रतीच्या आणखी प्रती तीन ठिकाणी करून ठेवल्या. मग एसडी कार्ड ब्लूस्कझीत घालून तो बोर्डच मॅकच्या आत क्वांटमच्या जागी बसवला. मॅक सुरू झाला आणि पडद्यावर मामाचा डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. "ओव्या" नावाचं फोल्डर डाव्या कोपऱ्यात होतं.

प्रत लॅपटॉपवर आलीच होती, तर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून मोकळा का झालो नाही? प्रयत्न केला. पण मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हार्डवेअर लॉक होतं, कीबोर्डच्या वायरीत मध्ये लावायचं. ते लॉक दिसलं नाही की फॉन्ट उघडत नाहीत आणि पानांवर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणजे पानं खऱ्या मॅकवरच उघडायची, तिथून मजकूर बाहेर काढायचा आणि पीसीमार्गे आजच्या जगात आणायचा. मधला पूल म्हणजे झिप.

झिप ड्राइव्ह १९९५ साली बाजारात आला, एका डिस्कवर १०० मेगाबाइट. फ्लॉपीत १.४४ मावायचे तेव्हा हे फार होतं. आमचा झिप स्कझी प्रकारचा. मागे दोन सारखे २५ पिनांचे सॉकेट, एक स्विच क्रमांकाचा (फक्त ५ किंवा ६) आणि एक टर्मिनेशनचा, म्हणजे साखळीच्या टोकाला सिग्नल उलटा फिरू नये म्हणून लागणाऱ्या अटकावाचा. जुन्या बाजारात झिप घेणार असाल तर हे दोन स्विच आधी बघा. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा झिप बाहेरून हुबेहूब असाच दिसतो, त्याचं सॉकेटही २५ पिनांचंच असतं आणि ते मॅकच्या स्कझीत आरामात बसतं. बसतं म्हणून लावू नका, पोर्ट जळू शकतो.

केबल उलगडल्या तेव्हा वहीतली ६ ची नोंद आठवली. एक केबल मॅककडून झिपच्या एका सॉकेटला जाणारी. दुसरी झिपच्या उरलेल्या सॉकेटपासून निघून ॲडॅप्टेकच्या बारीक पिनांच्या सॉकेटला बसणारी. दोन्ही लांब. मॅकचा स्वतःचा क्रमांक ७ असतो आणि तो बदलता येत नाही. म्हणून कार्डाला ६. मामाने झिप दोन्ही संगणकांच्या मध्ये कायमचा जोडून ठेवला होता!

मामीकडून प्रेसमध्ये टायपिंग करणाऱ्या काकांचा नंबर घेतला. काका आता पंचाहत्तरीला आलेत. विचारल्यावर हसायलाच लागले. "दोन खोल्यांच्या मधल्या खिडकीत ठेवलेला होता तो. तुझ्या मामाला फ्लॉप्या घेऊन हेलपाटे घालायचा कंटाळा. पण नियम कडक होता. मी डिस्क वापरतोय तोवर आत मॅक चालू करायचा तर शिफ्ट दाबून, म्हणजे त्याला झिप दिसायचा नाही. एकदा नव्या पोराने तसं केलं नाही, सोसायटीचा अख्खा अहवाल गेला. मग ती चिठ्ठी लागली."

शिफ्ट दाबून सुरू केला की मॅक सगळे एक्स्टेन्शन, म्हणजे सुरू होताना भरले जाणारे जोडप्रोग्राम, गाळून उठतो, त्यात आयोमेगाचा ड्रायव्हर आणि डॉसच्या डिस्क वाचणारा पीसी एक्स्चेंज हे दोन्ही आले. डॉस पद्धतीने फॉरमॅट केलेली झिप डिस्क मग त्याच्या लेखी नसतेच.

साखळी जोडायचे नियम सांगतो, कारण सगळ्यांचं अडतं ते इथेच. साखळीच्या दोन टोकांना टर्मिनेशन हवं, मधे नको. आमचं एक टोक मॅकच्या आत, म्हणजे ब्लूस्कझीवर. दुसरं टोक ॲडॅप्टेक कार्ड. झिप मधे, म्हणून त्याचा टर्मिनेशनचा स्विच बंद. क्रमांक: मॅक ७, कार्ड ६, झिप ५, आतली डिस्क ०. झिपला चुकून ६ दिला तर दोन्हीकडे गोंधळ. सगळी केबल मिळून ६ मीटरच्या आत, जितकी कमी तितकी बरी. वीज चालू असताना केबल काढायची-घालायची नाही. आणि काम चालू असेपर्यंत दोन्ही संगणक चालू ठेवायचे. बंद पडलेलं यंत्र साखळीवर लटकत असेल तर सिग्नलचा काही नेम नाही.

मामाचा नियम खरंच इतका गरजेचा आहे का, हे एका कोऱ्या डिस्कवर करून बघितलं. दोन्हीकडे डिस्क उघडली. डॉसमधून एक फाइल लिहिली. मॅकला ती दिसलीच नाही, कारण डिस्कची यादी त्याने आधीच वाचून स्वतःजवळ ठेवली होती. मग मॅकवरून दुसरी फाइल लिहिली. त्याने आपल्या जुन्या यादीप्रमाणे मोकळी वाटलेली जागा वापरली, आणि ती डॉसच्या फाइलची होती. डॉसमध्ये फाइलचं नाव शाबूत, आत भलतंच. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने बरोबर वागत होती आणि पडद्यावर कुठेही चूक दाखवली गेली नाही. स्कझीची तार दोघांना एकत्र बसू देते, पण डिस्कवर लिहिण्याची पाळी ठरवणं तिच्या कक्षेत येत नाही. ते माणसानेच ठरवायचं.

तेव्हापासून माझी पद्धत: मॅकची पाळी असेल तर डॉस नुसता प्रॉम्प्टवर. मॅकवर काम झालं की डिस्क कचरापेटीत ओढायची, ती बाहेर येते. मग मॅक शिफ्ट दाबून पुन्हा सुरू. तो पूर्ण उठल्यावर डिस्क आत, आणि पीसीवर आयोमेगाचा गेस्ट नावाचा प्रोग्राम चालवायचा. तो झिपला एक ड्राइव्हचं अक्षर देतो. त्याआधी डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये ॲडॅप्टेकचा आस्पी नावाचा स्कझी ड्रायव्हर असायला हवा, तो मामाने घातलेलाच होता.

एप्रिल गेला तो फाइलींच्या लहरी समजून घेण्यात. मॅकवरून फॉन्ट झिपवर टाकले आणि डॉसमध्ये यादी बघितली तर प्रत्येक फॉन्टपुढे ० बाइट. मॅकच्या फाइलला दोन कप्पे असतात, डेटाचा आणि रिसोर्सचा. त्या काळच्या मॅकचे फॉन्ट पूर्णपणे रिसोर्सच्या कप्प्यात राहतात. डॉसला तो कप्पा माहीतच नाही, म्हणून पीसी एक्स्चेंज तो वेगळ्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिथून डॉसने फाइल हलवली की दोन्हींची ताटातूट झालीच म्हणून समजा. फॉन्ट न्यायचेच असतील तर आधी मॅकवर स्टफइट या फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये गुंडाळा आणि गुंडाळी न्या. लांब नावांची डॉसच्या आठ अक्षरांत छाटाछाट होते आणि पुढे उद्गारचिन्ह लागतं, म्हणून मॅकवरच छोटी इंग्रजी नावं द्या. साधा मजकूर डॉसमध्ये उघडला तर सगळ्या ओळी एकमेकींवर छापल्या जातात आणि शेवटची तेवढी दिसते. घाबरू नका. मॅक ओळ संपवायला एकच खुणेचा बाइट वापरतो, डॉसला दोन लागतात. मजकूर सगळा आत असतो.

पानांसाठी मार्ग सापडला तो पोस्टस्क्रिप्टचा, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेचा. पेजमेकरच्या छपाईच्या खिडकीत प्रिंटरऐवजी फाइलमध्ये लिहायची सोय आहे. तिथे सगळे फॉन्ट फाइलीत घालायचा पर्याय निवडला. ही फाइल पूर्णपणे डेटाच्या कप्प्यात असते, त्यामुळे झिपवरून डॉसमध्ये धडधाकट येते. पीसीमध्ये हार्ड डिस्कच्या जोडीला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं होतं. ही कार्डं आयडीईची, म्हणजे पीसीच्या साध्या हार्ड डिस्कची, भाषा जाणतात, फक्त पिना जुळवणारा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर ५०० ला, आणि कॅमेऱ्याच्या दुकानात पडून असलेलं २५६ मेगाबाइटचं कार्ड ८०० ला मिळालं. ४८६ च्या बायोसला साधारण ५०० मेगाबाइटपुढचं काही झेपत नाही, तेव्हा मोठं कार्ड घेऊन पैसे वाया घालवू नका. ते कार्ड लॅपटॉपच्या रीडरमध्ये, आणि तिथे घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पोस्टस्क्रिप्टचं पीडीएफ. मेच्या पहिल्या आठवड्यात ओव्यांचं पहिलं पान लॅपटॉपवर उघडलं. मामीला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचं उत्तर आलं, "समास फार सोडलाय. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं."

पीडीएफमध्ये पान दिसतं, पण अक्षरं जुन्या फॉन्टच्या कोडांत अडकलेली असतात. ती शोधता येत नाहीत, बदलता येत नाहीत. इथे पीसीवरचा कच्चा मजकूर उपयोगी पडला. जिस्ट कार्डावर टाइप केलेलं सगळं इस्कीमध्ये होतं, म्हणजे भारतीय लिपींसाठी १९९१ साली प्रमाण झालेल्या कोडांत. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, त्यामुळे रूपांतर सरळ होतं. आयसीयू नावाच्या मोफत लायब्ररीत इस्कीचं रूपांतर तयार मिळतं. मी आधी हौसेने स्वतःचा तक्ता केला होता. त्यात 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' आणि 'सुऱ्या'चं 'सुर्या' होत होतं. मामीच्या नजरेतून एकही सुटलं नाही.

जूनभर मामी एका हातात पीडीएफचे मोठ्या टाइपातले प्रिंट आणि दुसऱ्या हातात युनिकोड मजकूर घेऊन बसली होती. कच्च्या मजकुरात काही ओव्या अशा निघाल्या, ज्या पानांत नव्हत्याच. "ह्या तुझ्या मामाने जागेसाठी उडवल्या," एवढं बोलून तिने त्या परत घातल्या. टेम्पोपासून प्रिंटपर्यंत एकूण खर्च सोळा हजारांच्या आत राहिला. त्यात ब्लूस्कझी आणि त्याची ड्यूटी मिळून निम्मा.

खोक्यातल्या बाकीच्या झिप डिस्क मामाच्या गिऱ्हाइकांच्या. सोसायट्यांचे अहवाल, त्यांत सभासदांची नावं आणि थकबाकीचे आकडे. एक-दोन उघडून बघितल्या आणि मामीला विचारलं. ती म्हणाली, पुसून टाक, कोणाचं कर्ज कोणाला कळायला नको. पूर्ण फॉरमॅट करून पुसल्या, एकेकीला बराच वेळ लागतो. चार डिस्क मी ड्राइव्हमध्ये घातल्याच नाहीत. झडप सरकवून टॉर्चच्या उजेडात बघितलं तर आतल्या चकतीची कड फाटलेली होती. अशी डिस्क झिपचं हेड मोडते, आणि मोडलेलं हेड पुढची चांगली डिस्क फाडतं. सुरुवातीला टिक टिक आवाज येतो, तो आला की वीज बंद करून डिस्क काढा. खोक्यावर नाव नसलेली कुठलीही झिप डिस्क आत घालण्याआधी टॉर्च मारा.